शिखर, माथा, सुळका की कळस? डोंगराच्या सर्वांत उंच जागेला मराठीत काय म्हणायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डोंगरभटकंतीच्या एका इंग्रजी पुस्तिकेचा तुम्ही मराठी अनुवाद करत आहात. तिच्यात 'समिट' हा शब्द तीन ठिकाणी अडला आहे: एकदा कळसूबाईच्या वर्णनात, एकदा हरिश्चंद्रगडाच्या वाटेत आणि एकदा हिमालयातल्या मोहिमेत. कोशात शिखर, माथा, शेंडा, कळस, टोक, सुळका इतके पर्याय मिळाले. सगळीकडे 'शिखर' लिहिलं तर बिघडेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

बिघडेल. हे मी अनुभवाने सांगतो. गेली तीस वर्षं मी सह्याद्रीत माणसं घेऊन फिरतो आणि त्यातली निम्मी तरी वर्षं वाटांची वर्णनं लिहितो. सुरुवातीच्या काळात एका किल्ल्याबद्दल मी लिहिलं होतं, 'शिखरावर पाण्याची टाकी आहेत.' मला म्हणायचं होतं की गडाच्या वरच्या सपाटीवर टाकी आहेत. पुढच्या मे महिन्यात सात-आठ मुलांचा एक गट ते टिपण घेऊन गेला. सपाटीवर पोहोचल्यावर त्यांना समोर आणखी एक उंचवटा दिसला. 'शिखर' म्हणजे तोच, असं समजून भर दुपारी ती मुलं त्याच्यावर चढली. तिथे एक तुटका ध्वजस्तंभ होता, पाणी नव्हतं. टाकी त्यांच्या मागे, चढून आल्या वाटेपासून पन्नास पावलांवर राहून गेली होती. संध्याकाळी खालच्या गावात पोहोचेपर्यंत दोघांना उन्हाचा चांगलाच त्रास झाला होता. चूक माझ्या शब्दाची होती. मी 'माथ्यावर' लिहायला हवं होतं.

तेव्हा 'माथा'पासूनच सुरू करू. सह्याद्रीत राहणाऱ्या माणसाच्या तोंडी असलेला शब्द हाच आहे. संस्कृत 'मस्तक', प्राकृत 'मत्थअ' आणि त्याचा मराठीत झाला माथा. डोंगराला पाय असतो तो पायथा, पोट असतं, खांदा असतो, सोंड असते, तसंच डोकंही असतं. पण माणसाचं डोकं म्हणजे काही एक बिंदू नाही. माथा म्हणजे वरचा सगळा भाग. तिथे चढ संपतो, दम घेता येतो आणि माणूस बसू शकतो. माथेरान हे नाव आठवा. माथ्यावरचं रान. माथेरान गाठल्यावर 'आता शिखर कुठे' असं कुणी विचारत नाही. तो अख्खा पसरलेला, झाडीने भरलेला सपाट डोंगर म्हणजेच माथा.

'घाटमाथा' हा शब्द तर आणखी बोलका आहे. कोकणातून घाट चढून वर आलं की लागतो तो घाटमाथा. तो आसपासच्या मुलखातला सर्वांत उंच भाग असतोच असं नाही. घाटमाथ्यावर उभं राहिलं तर त्याच्याहून कितीतरी उंच डोंगर दिसतात. तरी तो माथा, कारण खालून येणाऱ्याचा चढ तिथे संपला. म्हणजे या शब्दात उंचीचं माप नाही. चढणाऱ्याचा अनुभव आहे.

पाणलोट क्षेत्राची कामं करणारे लोक 'माथा ते पायथा' म्हणतात, तेही याच अर्थाने. पावसाचं पाणी अडवायचं तर काम डोंगराच्या वरच्या पट्ट्यापासून सुरू करायचं, तिथे समतल चर खणायचे आणि मग खाली नाला-बांधापर्यंत यायचं. तिथे कुणी 'शिखर ते पायथा' म्हटलं तर चर खणणारा माणूस गोंधळून जाईल. शिखरावर चर खणता येत नाहीत, माथ्यावर येतात.

सह्याद्रीत माथा या शब्दाला एवढं वजन का, याचं उत्तर दगडात आहे. आपला डोंगर लाव्हाच्या थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले बेसॉल्टचे थर, जवळजवळ आडवे. पाण्याने ते कापले गेले, कडे तुटले, पण वरचा थर बऱ्याच ठिकाणी सपाटच राहिला. म्हणून आपल्याकडे वर गेलं की टेबलासारखी जागा मिळते, आणि त्या जागेवर किल्ले उभे राहिले. हिमालयात थर दुमडले गेले, वर उचलले गेले, बर्फाने त्यांना तासलं. तिथे वर निमुळतं टोक मिळतं. ज्या मुलखात डोंगराचं डोकं सपाट, त्या मुलखाच्या भाषेत माथा, माची, पठार, सडा, कडा, दांड, धार असे शब्द भरभरून असणारच. कोकणातला आणि गोव्यातला 'सडा' तर इतका सपाट की त्यावर सर्वांत उंच जागा कोणती हा प्रश्नच उभा राहत नाही.

आता 'शिखर'. मूळ शब्द शिखा. शिखा म्हणजे शेंडी, दिव्याच्या ज्योतीचं टोक, मोराचा तुरा. मोराला आणि अग्नीला 'शिखी' म्हणतात ते त्यामुळेच. म्हणजे शिखर या शब्दाच्या मुळाशी आकार आहे: वर वर निमुळतं होत जाणं. त्याच घरातला 'शिखरिणी' शब्द कवितेत गेला आणि स्वयंपाकघरातही. सतरा अक्षरांचं, सहाव्या अक्षरावर थांबणारं शिखरिणी वृत्त शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेलं असतं. आणि शिखरिणी नावाचा दही-साखरेचा जुना पदार्थही होता. आपल्या ताटातली केळ्याची शिकरण त्याच नावावरून आली असं मानतात. डोंगराशी याचा काही संबंध नाही, पण शिकरण खाताना मला दर वेळी हे आठवतं, म्हणून सांगितलं.

मराठीत शिखराचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात आणि अनुवादकाची खरी अडचण इथेच होते. एका अर्थाने शिखर म्हणजे सर्वांत वरचा बिंदू. दुसऱ्या अर्थाने शिखर म्हणजे तो अख्खा उंच डोंगर. सातारा जिल्ह्यातलं शिखर शिंगणापूर घ्या. शंभू महादेवाचं हे ठाणं डोंगरावर वसलेलं आहे. चैत्रातल्या यात्रेत भाविक मुंगी घाटाच्या उभ्या चढाने कावडी वर नेतात. 'शिखर' म्हणजे तिथे देवाचा सगळा डोंगर, त्याच्यावरचं गावही त्यातच. कुठला एक बिंदू नव्हे. झारखंडातलं सम्मेद शिखरही तसंच. चोवीसपैकी वीस तीर्थंकरांचं निर्वाण तिथे झालं अशी जैनांची श्रद्धा. सांगली-कोल्हापूरकडचे जैन यात्रेकरू 'शिखरजीला जाऊन आलो' म्हणतात तेव्हा पारसनाथचा तो सगळा पहाड त्यांच्या मनात असतो. अबूचं गुरुशिखर मात्र पहिल्या अर्थाच्या जवळ जातं. 1722 मीटर उंचीचं, अरवलीतलं सर्वांत उंच ठिकाण, आणि वर दत्ताचं स्थान.

देवळाच्या बाबतीतही हाच दुहेरीपणा आहे आणि तो समजून घेतला की डोंगराचाही उलगडतो. आपल्याकडच्या जुन्या दगडी देवळांत, म्हणजे सिन्नरचं गोंदेश्वर किंवा रतनगडाच्या पायथ्याचं अमृतेश्वर, गाभाऱ्यावर उभा राहिलेला तो संपूर्ण निमुळता डोलारा म्हणजे शिखर. त्याच्या वर गोल, कंगोऱ्याचा आमलक. आणि अगदी शेवटी कळस, म्हणजे मुळात कलश, घडा. दक्षिणेकडच्या द्राविड देवळांच्या परिभाषेत हे बदलतं. तिथे पूर्ण डोलाऱ्याला विमान म्हणतात आणि त्याच्या वरच्या घुमटाकार टोपीपुरतंच शिखर. म्हणजे एकच शब्द उत्तरेत आणि महाराष्ट्रात 'सगळं अंग' आणि दक्षिणेत 'फक्त डोकं'. डोंगराच्या शिखरातही हीच ओढाताण आहे.

कळस आणि शिखर यांत मराठी माणूस एरवी घोटाळा करत नाही. कळस चढवतात, सगळं काम झाल्यावर. 'आधी कळस मग पाया' ही म्हण त्यामुळेच नेमकी बसते. 'कळस झाला' हे आपण चांगल्याइतकंच वाईटाबद्दलही बोलतो, 'निष्काळजीपणाचा कळस'. पण निष्काळजीपणाचं शिखर कुणी म्हणत नाही. शिखराला मान आहे: यशाचं शिखर, शिखर परिषद, शिखर संस्था. डोंगराच्या वर्णनात मात्र कळस हा शब्द वापरू नका. डोंगरावर कुणी कळस चढवलेला नसतो.

इथे तुम्ही कळसूबाईचं नाव पुढे कराल. ते नाव देवीचं आहे, कळसू नावाच्या कोळी मुलीची कथा तिथल्या लोकांत सांगतात. 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण. बारी गावातून चढायला लागलं की कडे चढण्यासाठी लोखंडी शिड्या लागतात. वर छोटंसं देऊळ आणि त्याभोवती फार थोडी जागा. नवरात्रात ती जागा माणसांनी भरून जाते. एकदा बारीत ताक विकणाऱ्या आजींपाशी आम्ही थांबलो होतो. बरोबरच्या मुलाने विचारलं, "आजी, शिखर अजून किती लांब?"

आजींनी तांब्या खाली ठेवला. "कंचं शिखर? द्येवीपाशी जायचंय न्हवं?"

"हो, अगदी वर."

"मंग द्येवीपाशी म्हन की. जाशीला दोन-तीन तासात."

आजींना शिखर शब्द ठाऊक नव्हता असं नाही. त्यांच्या लेखी त्या उंच जागेची ओळख उंचीने होत नव्हती, तिथे कोण राहतं यावरून होत होती. आपल्या किती डोंगरांची नावं अशीच आहेत बघा. साल्हेर हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला, 1567 मीटर. त्याच्या सगळ्यात वरच्या जागेला वाटसरू 'परशुराम मंदिर' म्हणूनच ओळखतात. सप्तशृंगीच्या नावात तर सात शृंगं आहेत, शृंग म्हणजे शिंग आणि शिंगाच्या आकाराचं शिखर. पण वणीला जाणारा भाविक सात शिखरं मोजत नाही, तो गडावर आईच्या दर्शनाला जातो. अनुवादात अशा ठिकाणी मी नेहमी सुचवतो की शिखर हा शब्द एकदा लिहा आणि पुढे देवळाच्या खुणेने बोला. वाचक रस्ता चुकणार नाही.

सुळका वेगळा. सुळा दात डोळ्यांपुढे आणा, तसा उभा, सुटा, चारी बाजूंनी तुटलेला खडक. रायगडाशेजारचा लिंगाणा, माहुलीजवळचा वजीर, नाणेघाटाजवळ जीवधनच्या बाजूला उभा असलेला वानरलिंगी. सुळका उंच असतो, पण आसपास सर्वांत उंच असावा लागत नाही. वजीर माहुलीच्या माथ्यापेक्षा ठेंगणाच आहे, तरी त्यावर चढायला दोर लागतो. तेव्हा 'समिट'साठी सुळका कधीच लिहू नका. सुळक्याच्याही वर माथा असतो, आणि चढाई करणारे 'सुळक्याच्या माथ्यावर पोहोचलो' असंच म्हणतात.

टोकाबद्दलही लोक फसतात. टोक आडवं असतं. रायगडावरचं टकमक टोक हे गडाचं सर्वांत उंच ठिकाण नाही. तो बाहेर झेपावलेला कड्याचा शेवट आहे. पुढे जमीन संपते, एवढंच टोक सांगतं. शेंडा झाडाला आणि उसाला. बालेकिल्ला किल्ल्याच्या सर्वांत उंच, स्वतंत्र तटबंदी असलेल्या भागाला. त्यातला 'बाला' म्हणजे फारसीत वरचा. राजगडाच्या बालेकिल्ल्याला 'राजगडाचं शिखर' म्हणणं मला कसंसंच वाटतं, कारण तिथे राजवाड्याचे चौथरे आहेत, तळं आहे, दरवाजा आहे. तो माणसाने राहण्यासाठी राखलेला माथा आहे.

नकाशे काढणाऱ्यांनी शिखराला तिसरा अर्थ दिला आणि तो आता आपल्या बोलण्यातही आला आहे. सर्वेक्षकाला शिखर म्हणजे दुर्बिणीतून कोन मोजता येईल असा बिंदू. एव्हरेस्टची उंची अशीच लांबून, सपाटीवरच्या ठाण्यांवरून मोजलेल्या कोनांवरून काढली गेली. तेव्हा सर्वेक्षकांच्या वहीत त्या शिखराला नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता, पंधरावा. गणितात राधानाथ सिकदारांचा मोठा वाटा होता, आणि 1856 मध्ये 29,002 फूट हा आकडा जाहीर झाला. आज मान्य असलेला आकडा 2020 सालचा, 8848.86 मीटर. ज्या भाषेत दशांशापर्यंत उंची सांगायची असते, तिथे 'माथा' पुरत नाही. तिथे बिंदूच हवा. सर्वेक्षणाच्या नकाशावर उंचीच्या रेषांचं सर्वांत आतलं वेटोळं आणि त्यात लिहिलेला आकडा, ते शिखर. वेटोळ्याच्या आतली सगळी जागा म्हणजे माथा, असं मी नवीन मुलांना नकाशा शिकवताना सांगतो. त्यांना ते लगेच कळतं.

हिमालयात जाणाऱ्या मराठी गिर्यारोहकांपुढे हीच अडचण आली. त्यांच्या बोलण्यात 'शिखर' म्हणजे अख्खा पर्वत: शिखराचा पायथा, शिखराची दक्षिण धार, शिखरावरची चढाई. मग वरच्या शेवटच्या बिंदूला काय म्हणायचं? त्यांच्या लेखनात यासाठी 'शिखरमाथा' हा शब्द रूढ झाला. पुण्याच्या गिरिप्रेमी या संस्थेचे गिर्यारोहक 2012 मध्ये एव्हरेस्टवर आणि 2019 मध्ये कांचनजुंगावर पोहोचले. अशा मोहिमांच्या मराठी वृत्तांतांतून तो घरोघर गेला. मला हा शब्द मनापासून आवडतो. शिखर आणि माथा या दोन्ही शब्दांना त्याने आपापल्या जागी ठेवलं, आणि कुठलाही परका शब्द उसना घेतला नाही.

या शब्दाची गरज किती खरी आहे ते दोन उदाहरणांवरून दिसतं. कांचनजुंगा, 8586 मीटर, सिक्कीमच्या लोकांसाठी पवित्र. 25 मे 1955 रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड तिथे पहिल्यांदा पोहोचले आणि सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाला जागून वरच्या बिंदूच्या थोडं खाली थांबले. पुढेही अनेकांनी ती प्रथा पाळली. तेव्हा त्यांनी शिखर सर केलं, पण शिखरमाथ्यावर पाय ठेवला नाही. ही गोष्ट एका वाक्यात स्वच्छ सांगता येते ती हे दोन शब्द वेगळे आहेत म्हणूनच. दुसरं उदाहरण नेपाळमधल्या मनास्लूचं, 8163 मीटर. तिथे अनेक वर्षं पुष्कळ गिर्यारोहक अलीकडच्या एका उंचवट्यापर्यंत जाऊन परतत होते. खरा सर्वोच्च बिंदू अरुंद, धोकादायक बर्फाच्या धारेवर आणखी पुढे होता. 2021 च्या शरद ऋतूत ड्रोनने काढलेल्या एका छायाचित्रात हे सगळ्या जगाला दिसलं आणि मोहिमांच्या नोंदी ठेवणारे काटेकोर झाले. आता अशा बातमीत 'शिखरावर पोहोचले' एवढंच लिहून भागत नाही. शिखरमाथ्यावर पोहोचले की अलीकडच्या उंचवट्यावर, ते लिहावं लागतं.

'चोटी' हा हिंदी शब्द मराठी बातम्यांतून हल्ली फार दिसतो. तो टाळा. मराठीत आपल्याला चोटीची गरज नाही. 'समिट केलं', 'टॉपवर गेलो' हे मुलांच्या बोलण्यात चालतं आणि मी ते कधी अडवत नाही, पण छापील वाटवर्णनात ते निरुपयोगी, कारण त्यातून माथा आणि शिखर यांतला फरक पुसला जातो आणि पाण्याची टाकी कुठे हे कळत नाही.

आता तुमची तीन वाक्यं.

पहिलं, कळसूबाईचं: 'समिटवर एक छोटं मंदिर आहे.' इथे 'शिखरावर' लिहा. जागा लहान आहे, बिंदू आणि माथा इथे जवळजवळ एकच आहेत, आणि 'कळसूबाई शिखर' हे नाव आता सगळ्यांच्या ओळखीचं झालं आहे.

दुसरं, हरिश्चंद्रगडाचं: 'समिटवर पोहोचल्यावर पश्चिमेच्या कड्याकडे जा.' इथे 'शिखर' लिहिलं तर माणूस चुकेलच. गडाचा माथा विस्तीर्ण आहे. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, पुष्करणी, पाण्यात उभी असलेली केदारेश्वराची पिंड, कोकणकडा, हे सगळं त्या माथ्यावर. त्याच माथ्यावरून आणखी वर उठलेलं तारामती हे गडाचं सर्वांत उंच शिखर, साधारण 1430 मीटर. मूळ लेखकाला तारामती म्हणायचं आहे की गडमाथा, हे आधी त्याला विचारा. पुढच्या वाक्यात तो कोकणकड्याकडे पाठवतो आहे, म्हणजे माझ्या अंदाजाने गडमाथाच. मी लिहीन: 'गडमाथ्यावर आलात की देवळाकडून पश्चिमेची पायवाट धरा.' आणि तारामतीसाठी वेगळं वाक्य करीन, कारण ती चढाई वेगळी आहे, तिला वेळ वेगळा लागतो, आणि पावसाळ्यात धुक्यात तिच्यावरून उतरताना वाट सापडत नाही.

तिसरं, हिमालयातलं: 'समिटच्या पन्नास मीटर खालून ते परत फिरले.' इथे बिनधास्त 'शिखरमाथा' लिहा. पन्नास मीटर मोजायचे तर ते एका बिंदूपासूनच मोजले जातील. आणि 'मागे फिरावं लागलं' की 'मागे फिरले', हेही मूळ वाक्यावरून नीट ठरवा. हवामानाने परतवलं असेल तर पहिलं, स्वतः निर्णय घेतला असेल तर दुसरं. गिर्यारोहक वाचकाची नजर आधी तिथेच जाईल.